पृष्ठभागाखालचे पाणीही मोजायला हवे

विषुववृत्ताजवळच्या मध्य व पूर्व प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीपेक्षा ०.५ अंश सेल्सिअसने वाढले की एल निनो आला, असे तुमच्याकडील या विषयावरच्या लेखात म्हटले आहे. मात्र ही वाढ काही महिने टिकावी लागते आणि वाऱ्यांचीही तिला साथ लागते, हे त्यात यायला हवे होते. २०१४ च्या सुरुवातीला विषुववृत्तालगत उष्ण पाण्याचा मोठा साठा पृष्ठभागाखालून पूर्वेकडे सरकला आणि १९९७ सारख्या तीव्र एल निनोची चर्चा सुरू झाली, पण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे आणि उष्ण पाणी पश्चिमेला रेटून धरणारे व्यापारी वारे पुरेसे मंदावले नाहीत आणि तो प्रबळ झाला थेट २०१५ मध्ये.

हे खालचे पाणी दिसते ते मुख्यतः समुद्रात नांगरलेल्या निरीक्षण-बोयांमुळे (तरंगत्या मोजणी-यंत्रांमुळे) आणि आर्गो फ्लोटमुळे, म्हणजे प्रवाहाबरोबर फिरत खोल जाऊन वर येणाऱ्या स्वयंचलित उपकरणांमुळे. १९८२-८३ चा एल निनो वेळेत ओळखता आला नव्हता, त्यानंतर बोयांची ही साखळी उभारली गेली. तरीही २०१२ नंतर देखभाल तुटल्याने तिच्याकडून येणारी माहिती निम्म्याहून खाली घसरली, ही मला अत्यंत गंभीर गोष्ट वाटते, कारण अंदाज वर्तवणारी संगणकीय प्रारूपे कितीही सुधारली तरी त्यांची सुरुवात प्रत्यक्ष मोजलेल्या समुद्रापासूनच होते.