कोष्टकं जुळवणाऱ्यांचा सत्कार व्हायलाच हवा

अर्थशास्त्रातला सन्मान म्हटलं की नोबेलच आठवतं. वासिली लिओन्टिएफ यांना १९७३ साली ते आदान-प्रदान पद्धतीसाठी मिळालं. एका उद्योगाचं उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल कसा होतो, हे एकाच कोष्टकात दाखवायची ही रीत. पुढे देशोदेशी अशी कोष्टकं ज्यांनी वर्षानुवर्षं भरली, तपासली, एकमेकांशी जुळवली, त्यांची नावं मात्र अर्थशास्त्र शिकलेल्यांनाही सांगता येत नाहीत. म्हणूनच अशा कोष्टकांवरून जागतिक व्यापाराची प्रतिमानं, म्हणजे शुल्क किंवा धोरण बदललं तर काय होईल याचा हिशेब देणारी समीकरणं, उभारणाऱ्या संशोधकांचा कुठे गौरव झाला की मला मनापासून बरं वाटतं.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात थॉमस हर्टेल यांनी १९९२ साली ‘ग्लोबल ट्रेड अ‍ॅनालिसिस प्रोजेक्ट’ सुरू केला. या क्षेत्रातले लोक त्याला जीटॅप म्हणतात. एकाच व्यापार धोरणाच्या परिणामाबद्दल संशोधकांच्या दोन गटांची उत्तरं वेगळी आली, तर फरक विचारांतला की आकड्यांतला, हे कळायला आधी दोघांची आकडेवारी एक हवी. हर्टेल यांनी सगळ्यांसाठी एकच आकडेवारी ठेवून ती सोय करून दिली. वेगवेगळ्या देशांतले संशोधक आपापल्या देशाचं कोष्टक तिथे आणून देत गेले. या आकडेवारीच्या अकराव्या आवृत्तीपर्यंत १६० देश-प्रदेश आणि ६५ उद्योगक्षेत्रं त्यात आली.

हे जुळवणं किती किचकट असतं ते बघा. एका देशातून दुसऱ्या देशात माल गेला. पाठवणारा देश जहाजावर चढवतानाची किंमत लिहितो, घेणारा वाहतूक आणि विमा धरून लिहितो. त्यात माल वाटेत तिसऱ्या बंदरात उतरून पुन्हा चढला, की पाठवणाऱ्याच्या वहीत तो त्या तिसऱ्या देशाला विकलेला दिसतो आणि घेणारा मात्र मूळ देशाचं नाव लिहितो. माल एकच, नोंदी दोन, दोन्ही सरकारी. खरी कुठली धरायची? मी एकदा दोनच देशांपुरता हा ताळा घालायला बसलो होतो. एका ओळीतली तूट भरली की दुसऱ्या ओळीत उगवायची. तेव्हापासून या लोकांबद्दलचा आदर वाढला, तो आजवर कमी झालेला नाही.

आणि या मेहनतीने उत्तरं बदलतात, हे फार महत्त्वाचं. २००१ साली जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींची दोहा फेरी सुरू झाली, तेव्हा व्यापार खुला केल्याने होणाऱ्या फायद्याचे मोठमोठे अंदाज मांडले जात होते. जीटॅपच्या पुढच्या आवृत्तीत देशांनी एकमेकांना दिलेले सवलतीचे आयातशुल्क दर धरले गेले, तोवर झालेल्या सुधारणाही धरल्या गेल्या, आणि ते अंदाज बरेच खाली आले. कुणी नवा सिद्धांत मांडला नव्हता. कुणीतरी शुल्काचे दर एकेक करून तपासले होते.

मेलबर्नचे केन पिअरसन मूळचे गणितज्ञ. प्रतिमानांतली हजारो समीकरणं एकदम सोडवणारी जेमपॅक ही संगणक प्रणाली उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. ती नसती तर ही कोष्टकं नुसती पडून राहिली असती. अशा माणसांना पुरस्कार द्यावेत, त्यांच्या नावाने शिष्यवृत्त्या ठेवाव्यात असं मला फार वाटतं.

प्रतिमानं चुकतात, हे मान्य. किंमत बदलली तर ग्राहक एका देशाचा माल सोडून दुसऱ्याचा किती घेईल, या एका गृहीतकावरही उत्तर इकडचं तिकडे होतं. पण ते गृहीतक उघड लिहून ठेवलेलं असतं, म्हणून तर त्यावर भांडता येतं.

जीटॅपच्या दस्तऐवजात देशांच्या कोष्टकांवर टिपणं असतात, ती तयार करणाऱ्याच्या नावासह. व्यापार कराराने उत्पन्न अमुक टक्क्यांनी वाढेल असं छापणाऱ्या प्रत्येक अहवालात ती नावं यावीत, एवढी माझी मागणी आहे.