गोल त्याचा, छायाचित्र दुसऱ्याचे

क्रीडापानासाठी छायाचित्रे निवडण्याचे भाग्य आपल्या वाट्याला आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. गेल्या आठवड्यात म्हापशाच्या धुळेर मैदानावर एका नायजेरियन आघाडीपटूने दोन गोल केलेले मी स्वतः पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पावांबरोबर घरी आलेल्या वर्तमानपत्रात पराभूत संघाच्या गोऱ्या बचावपटूची चार कॉलमी उदास मुद्रा पाहून माझ्या ज्ञानात जी भर पडली, ती येथे विनामूल्य देत आहे.

चेहरा गोऱ्यांसाठी राखून ठेवावा. त्यांचे अश्रू, मिटलेले डोळे, छातीवर केलेला क्रूस, सारे जवळून दाखवावे. काळ्या खेळाडूच्या वाट्याला मांड्या, खांदे आणि आरोळीसाठी उघडलेले तोंड पुरेसे आहे. बातमीत गोऱ्याला ‘चतुर’ म्हणावे, काळ्याला ‘धिप्पाड’.

प्रकाशयोजनेची फार चिंता करू नये. 1994 मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या ओ. जे. सिम्पसन या काळ्या माजी खेळाडूचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठासाठी मुद्दाम गडद केले आणि ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र मूळ रूपात छापल्यामुळे ती लबाडी उघडी पडली. आपल्याला तेवढेही कष्ट नाहीत. आपला कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि सावळा चेहरा आपोआप काजळीचा डाग होतो. छपाईपूर्वी सावल्या उजळायला दोन मिनिटे लागतात, पण ती मंत्रिमहोदयांच्या छायाचित्रासाठी शिल्लक ठेवावीत.

छायाचित्र कापायचे झाल्यास कडेचा काळा खेळाडू कापावा.

नावांची अदलाबदल झाली तरी चालते. त्या दिवशी आतल्या पानावर त्या आघाडीपटूचे टपालतिकिटाएवढे छायाचित्र होते आणि खाली नाव होते त्याच्या घानाच्या सहकाऱ्याचे. मी दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडून शांतपणे उत्तर आले, ‘दोघेही आफ्रिकनच ना?’ घाना आणि नायजेरिया यांच्यामध्ये टोगो आणि बेनिन असे दोन देश आहेत, हे सांगण्याआधीच फोन ठेवला गेला. एका नाईकांच्या छायाचित्राखाली दुसऱ्या नाईकांचे नाव छापले गेले असते, तर दुपारपर्यंत दोन्ही नाईक कार्यालयात हजर झाले असते आणि संपादकांनी स्वतः चहा मागवला असता. आय-लीग या तेव्हाच्या देशातील अव्वल फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या पाच हंगामांत सर्वाधिक गोल गोव्याच्या क्लबांकडून खेळणाऱ्या नायजेरियनांनीच केले: 2007-08 पासून सलग तीन वर्षे चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफा ओकोलीने, पुढची दोन वर्षे डेंपोच्या रँटी मार्टिन्सने, अनुक्रमे 30 आणि 32. त्यांच्या गोलांवर फातोर्ड्याच्या मैदानात घसा बसेपर्यंत ओरडलेल्या याच गोव्यात 2013 साली एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. तेव्हा आपण कोणते छायाचित्र कोणत्या पानावर छापले होते, हे आठवून पाहावे.

पुरे झाला हा उपरोध. गॅलरीतून काळ्यांना हिणवत ‘खापरी’ म्हणून ओरडणारा निर्लज्ज खराच, पण तो निदान आपला द्वेष स्वतःच्या तोंडाने बोलतो; तुम्ही तोच द्वेष नीट मांडणी करून, पैसे घेऊन घरोघरी पोहोचवता आणि त्याला घाईगडबड म्हणता. कसली घाई? सामना सायंकाळी सहाला संपला होता. खेळाडूच्या पाठीवर क्रमांक होता, आणि त्या क्रमांकासमोर त्याचे नाव लिहिलेली संघाची यादी तुमच्या बातमीदाराच्या हातात होती.