फरशीखालचं बिऱ्हाड

आमचं परभणीतलं घर जुनं. मातीच्या भिंती, शहाबादी फरशी आणि फरशीखाली एक बिऱ्हाड, भाडं न देणारं. रात्री दिवा मालवला की खुरखुर सुरू. परवा पलंगाचा एक पाय चार बोटं खाली गेला तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी उठा. घूस तुमच्या उशाखाली आलीय."

पिंजरा आणला, करडईच्या तेलातलं भजं अडकवलं. सकाळी भजं गायब आणि पिंजरा फरफटत मोरीपाशी. शेजारचे मामा बघून गेले. "हे उंदराचं खेळणं कामून आणलं वो? ही घूस हाय. डुकराचं जाळं आणा."

डुकराचं नाव निघताच बायको हसली. ती देगलूरची, तेलुगू कळणारी. तेलुगूत घुशीला म्हणतात पंदिकोक्कू. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कू म्हणजे उंदीर. त्याचंच साहेबानं बँडिकूट केलं आणि पुढं ते नाव ऑस्ट्रेलियातल्या, पोटाला पिशवी असणाऱ्या भलत्याच प्राण्याला चिकटवलं. आमच्या घुशीचं नाव परदेशी जाऊन आलं, मी अजून हैदराबादच्या पुढं गेलो नाही.

झोप तर नव्हतीच. जगात आपल्याहून दुःखी कुणी असेलच म्हणून मोबाइल उघडला. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा उंदीर आजही हयात आहे; नुसतं धड दीड फुटाचं, शेपूट त्याहून लांब. त्याच बेटावर पूर्वी साडेतीन फुटी माणसं राहायची आणि त्यांच्या गुहेत या उंदरांची हाडंही मिळालीत. त्या घरात पिंजरा कुणी कुणासाठी लावायचा? तिमोर बेटावरची एक नामशेष जात तर 6 किलोंची असावी म्हणतात. आणि उरुग्वेत सापडलेली ती कवटी! नुसती कवटीच 53 सेंटिमीटर. 2008 साली त्या प्राण्याचं वर्णन छापून आलं तेव्हा वजनाचा अंदाज हजार किलोंच्या घरात होता, पुढं इतरांनी तो बराच उतरवला. तसा तो उंदीर नव्हेच, गिनी पिगच्या भावकीतला. पण रात्री पावणेदोनला भावकी कोण बघतं? मी बायकोला हलवून सांगितलं.

"मेला का तो?"

"निदान वीस लाख वर्षं झाली."

"मग झोपा."

मनाला लागला तो मगावा. टांझानियात जन्मलेला, गालांत पिशव्या असणारा, सव्वा किलोचा आफ्रिकी उंदीर. कंबोडियात वासावरून भूसुरुंग शोधायचा. अंगानं हलका, म्हणून त्याच्या वजनानं सुरुंग फुटत नसे. टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात हुंगून मोकळा. 2020 साली ब्रिटनमधल्या प्राण्यांच्या एका संस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं. पदक घातलेला फोटो सकाळी बायकोला दाखवला. "बघा, उंदीर असून," एवढंच म्हणून ती पोळ्या लाटायला लागली.

रविवारी गवंडी आला. पहार घालून त्यानं फरशी उचलली. खाली हातभर खोल बीळ, त्याला फाटे आणि एका फाट्याच्या टोकाला चक्क कोठार. पसाभर ज्वारी, शेंगांची टरफलं, साबणाची अर्धी वडी, माझा एक पायमोजा. आणि तळाशी चांदीचं निरांजन, तूप पार चाटूनपुसून घेतलेलं. मालकीण मात्र घरी नव्हती.

बायको गप्प झाली. हे निरांजन गेल्या महालक्ष्म्यांत हरवलं होतं. तेव्हा लातूरची वहिनी तीन दिवस आमच्याकडे होती आणि त्यानंतर या दोघींचं बोलणं बंद आहे.

"वहिनीला फोन तू करतेस की मी करू?" मी विचारलं.

बायकोनं निरांजन पदरानं पुसलं, देवघरात नेऊन ठेवलं आणि तिथूनच गवंड्याला ओरडून म्हणाली, "बिळात काचा जरा जास्त टाका हो!"