पहिली वीस मिनिटे

छत्रपती संभाजीनगरात आजवर झालेल्या मैफलींचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी बाहेरून आलेल्या कलावंतांचीच नावे येतात. वेरूळ महोत्सव कैलास लेण्यापाशी भरत असे तेव्हापासूनची ही सवय आहे. पुढे महोत्सव सोनेरी महालाच्या प्रांगणात आला, शहराचे नावही बदलले, सवय मात्र कायम आहे. मोठ्या कलावंतांनी येऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. डोंगराच्या पायथ्याशी, उजळलेल्या महालासमोर शाल गुंडाळून गाणे ऐकण्याचे सुख मीही घेतले आहे. माझी तक्रार आहे ती स्थानिक कलावंतांच्या वाट्याला येणाऱ्या पहिल्या वीस मिनिटांविषयी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात आपल्याच शहरातील एका तरुण गायिकेला सुरुवातीची वेळ दिली होती. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि ध्वनिव्यवस्थेची चाचणी तिच्याच आलापावर चाललेली. राग पूरिया धनाश्री होता. गारव्याने तबला उतरला, म्हणून तबलजीने हातोडीने काठाच्या चामडी गजऱ्यावर ठोकत ठोकत तो पुन्हा स्वरात आणला. गायिका मंद्रातून सावकाश वर येत पंचमावर स्थिरावली आणि तेवढ्यात आयोजकांपैकी एक गृहस्थ विंगेतून म्हणाले, ‘ताई, आवरतं घ्या, पाहुणे आलेत.’ तिने आवरते घेतले. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, राहूनच गेला. पुढचा पाऊण तास हारतुरे आणि भाषणे चालली, त्यासाठी मात्र वेळ होता.

याच शहरात १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जावे. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडून नामविस्तार झाला, आणि दर वर्षी तेथे पुस्तकांच्या दुकानांइतकीच गर्दी गाण्याभोवती जमते. पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे दोघा-तिघांचा कोरस, एवढ्यावर गाणे उभे राहते. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांच्या गीताचा एखादा शब्द गायकाकडून इकडचा तिकडे झाला, तर पुढे बसलेली आजी तो तिथल्या तिथे दुरुस्त करते; मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि गायकाने हात जोडून ते कडवे पुन्हा घेतले हेही. बक्षीस देणाऱ्यांची नावे पुकारण्यासाठी गाणे मध्येच थांबते, त्याचा मला थोडा राग येतो खरा, पण ते पैसे गाणाऱ्याच्या हाती पडतात. इथला गायक पाहुणे येईपर्यंतची वेळ भरून काढण्यासाठी बसवलेला नसतो.

शास्त्रीय संगीतातही असा मान मिळालेली माणसे आपल्याकडे होऊन गेली. पं. नाथराव नेरळकर नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पुढे या शहरात राहिले आणि त्यांनी शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. २०२१ च्या मार्चमध्ये ते गेले. मराठवाड्यातील कुठल्याही गावी गाण्याच्या शिक्षकाशी बोलताना त्यांचे नाव निघाले, तर मला नवल वाटत नाही. अशा परंपरेतल्या मुलांना आपण खुर्च्या भरेपर्यंत गायला लावतो, हे मला पटत नाही.

आयोजकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की स्थानिक कलावंताला कार्यक्रमाच्या मध्यावर, भरलेल्या मांडवासमोर बसवावे, त्याचे मानधन आधी ठरवावे आणि पत्रिकेवर साथीदारांची नावेही छापावीत. ‘स्थानिक कलावंतांचा आविष्कार’ असे ढोबळ लिहिण्यापेक्षा दोन ओळी जास्त लागतील, इतकेच.

त्या गायिकेच्या सिडकोतील घरी आता महिन्यातून एकदा बैठक होते. गेल्या खेपेला आम्ही सतराजण होतो. सतरंजी अपुरी पडली म्हणून दोघे जिन्यात बसले होते. तिन्हीसांजेला तिने पूरिया धनाश्रीच घेतला. उकाडा असूनही पंखा बंद ठेवला होता, आणि तार षड्ज लागला तेव्हा जिन्यातल्या काकांनी ‘वाहवा’ म्हणायच्या ऐवजी नुसताच हात वर केला.