बोसा नोव्हा आणि स्टॅन गेट्झ : एक खुलासा

‘बोसा नोव्हा ही संगीतशैली अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांनी १९६४च्या ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ या ध्वनिमुद्रिकेतून जन्माला घातली’, असे विधान सध्या फिरत आहे. ते चुकीचे आहे. आंतोनियो कार्लोस जोबिम यांनी संगीत दिलेले ‘शेगा दि साउदादि’ हे गीत जोआंव जिल्बेर्तो यांनी, गिटारवर सांबा या ब्राझिलियन नृत्यसंगीताचा ठेका धरून आणि कानात सांगावे इतक्या हलक्या आवाजात, १९५८ सालीच ब्राझीलमध्ये ध्वनिमुद्रित केले होते. खुद्द गेट्झ यांना या संगीताची गोडी लावली ती १९६१च्या दक्षिण अमेरिका दौऱ्यात ते ऐकून आलेले गिटारवादक चार्ली बर्ड यांनी. दोघांची ‘जॅझ सांबा’ ही ध्वनिमुद्रिका १९६२ची. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’च्या, १९६३च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला झालेल्या ध्वनिमुद्रणात तर पियानोवर स्वतः जोबिम आणि ड्रम्सवर मिल्टन बनाना होते. त्यातल्या ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ या प्रसिद्ध गाण्यात आधी जोआंव पोर्तुगीजमध्ये, मग आस्त्रुद जिल्बेर्तो इंग्रजीत गातात आणि त्यानंतरच गेट्झ यांचा तो मऊ, श्वासासकट ऐकू येणारा, खरोखर अप्रतिम सॅक्सोफोन येतो. या एका गाण्याच्या लहान तबकडीसाठी (सिंगलसाठी) मात्र जोआंव यांचे गायन कापले गेले. माझ्या मते गैरसमजाला तेथूनच वाट मिळाली.