पायपेटी ऐकून वाढलेल्याने हार्लेमच्या ऑर्गनवर लिहू नये? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या सेंट बावो चर्चमधल्या ऑर्गनवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन : मोझार्टचं वय चुकलं, १९६१ साली संपलेल्या दुरुस्तीबद्दल मी गप्प राहिलो, आणि ‘संगीत नाटकातली पायपेटी ऐकून वाढलेल्यांनी पाइप ऑर्गनवर अक्कल पाजळू नये’.

वय चुकलं, मान्य. १७६६ साली त्याने तिथे वाजवलं तेव्हा तो १० वर्षांचा होता, मी ९ लिहिलं. दुरुस्त केलंय.

तिसरं वाक्य मात्र मला लागलं. मुद्दा मांडा, अक्कल कशाला काढता? माझे वडील २५ वर्षं नाटकांच्या दौऱ्यांवर पायपेटी वाजवत. दौरा संपला की भाता उसवून अंगणात बसायचे. सात-आठ वर्षांचा मी, चामड्याला सरस लागेपर्यंत कडा दाबून धरायचो. मग गाल जवळ नेऊन हवा कुठून निसटतेय ते शोधायचं, हे माझं काम. हवा गळली की सूर बसतो, हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही.

पायपेटीत पितळेची पट्टी थरथरते, ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत नुसती हवाच. हा फरक लेखात स्पष्ट लिहिलाय. तुम्ही तो वाचला असावा असं वाटत नाही. पण दोन्हीकडे जीव भात्यात. क्रिस्टियान म्युलरने १७३५ ते १७३८ या काळात हा ऑर्गन बांधला तेव्हा वीज नव्हती, माणसंच भाते हाकत. मी तिथे बसलो होतो तेव्हा ३२ फुटी नळी वाजली. सेकंदाला जेमतेम १६ कंपनं! तो सूर कानाआधी बाकाच्या लाकडातून मांड्यांना कळला. मला अंगण आठवलं. तुम्ही तिथे बसून ऐकलंय का?

आणि मी लिहिलं ते कशासाठी? १५७८मध्ये हे चर्च कॅथलिकांच्या हातून कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांकडे गेलं. त्यांना उपासनेत ऑर्गनचं वावडं. तरीही नगरपालांनी वाद्य सोडलं नाही. शहराचा पगारी वादक उपासनेच्या वेळा सोडून गावासाठी वाजवायचा, आणि पुढे म्युलरचा हा प्रचंड ऑर्गनही शहरानेच करवून घेतला. देवाघरचं वाद्य गावाचं झालं, म्हणून ते टिकलं. यावर तुमचा एक शब्द नाही.

राहिली दुरुस्ती. डेन्मार्कच्या मार्कुसेन कंपनीने ती केली, तिने मूळ आवाज बदलला असं मानणारे जाणकार आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तो वेगळा विषय, एका लेखात सगळं मावत नाही.

पुन्हा जरूर लिहा. फक्त माझ्या वडिलांच्या वाद्याला नावं ठेवू नका.