मला भाग्यवान म्हणू नका

परवा भिशीला आमच्या ह्यांनी केलेला ब्रेड घेऊन गेलो. (हो, 'गेलो'. कोल्हापूरची बाई आहे. पण शाळेत मराठी शिकवते, म्हणून इथून पुढं शहाण्यासारखं 'गेले' लिहिते.) ब्रेड कापला, लोणी लावलं, ताट फिरलं. आणि जे व्हायचं तेच झालं. "भाग्यवान आहेस गं बाई." "आमच्यात पाण्याचा तांब्या पण हातात द्यावा लागतोय." "दाजींना म्हणावं क्लास काढा, आमच्या ध्यानाला पहिला पाठवतो." मग मी मोबाईलमध्ये त्याच ब्रेडचा मी काढलेला फोटो दाखवला. सगळ्यांनी बघितला. एकजण म्हणाली, "कॅमेरा चांगलाय की. दाजींनी शिकवलं व्हय?"

ब्रेड चांगला झाला तर नवऱ्याचा हात चांगला. फोटो चांगला आला तर कॅमेरा चांगला. तेव्हा हसून गप्प बसले, पण दोन दिवस डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसले आहे. लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी ओव्हनचं सांगते. तो आमच्या लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला घेतलेला. दोन केक झाले, एक मधे कच्चा, दुसरा बुडाला करपलेला, आणि ओव्हन माळ्यावर गेला. लेक शिकायला पुण्याला गेली, घर एकदम मोकळं झालं आणि एका रविवारी ह्यांनी तो खाली काढला. कारण लेकीची आठवण वगैरे काही नव्हतं. कारण होतं मिसळ. बाहेरगावच्या लोकांना सांगायला पाहिजे म्हणून सांगते, आमच्याकडं मिसळीबरोबर पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो. चांगला जाड कापलेला, कटात बुडवला तर कट पिणारा पण विरघळून वाटीत न पडणारा. ह्यांचं म्हणणं, हल्लीचा ब्रेड कापसासारखा झालाय, बुडवला की गेला. तर तो जुना ब्रेड घरी करायचा.

हे ऑडिटमधले. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले. त्यांनी एक वही घातली, त्यात रकाने आखले. बेकरीवाल्यांचा हिशेब असतो म्हणे, मैदा नेहमी शंभर धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात. पाणी ६५, मीठ २, यीस्ट १. म्हणजे पाचशे ग्रॅम मैद्याला सव्वातीनशे ग्रॅम पाणी. पाणीसुद्धा वजनानं! मी आयुष्यात पाणी तोललेलं नाही. मग ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर आला आणि कळलं की बटणावर १८० लावलं की आत जेमतेम १६० होतात. लेकीचा केक मधे कच्चा का राहिला होता ते आठ वर्षांनी समजलं. मी तेव्हा अंड्यांना दोष दिला होता.

पहिले चार-पाच ब्रेड विटेसारखे झाले. एप्रिलच्या उकाड्यात पीठ तासाभरात फुगून वर आलं आणि हे घड्याळ बघत बसले, कारण पुस्तकात दोन तास लिहिले होते. पीठ फसफसून खाली बसलं. पावसाळ्यात उलटं झालं, पीठ हलायलाच तयार नाही. मग ह्यांनी वहीत 'हवामान' असा एक रकाना वाढवला. गरम ब्रेड लगेच कापायचा नाही, आतला मऊ भाग निवता निवता बसतो, तोवर सुरी घातली तर चिकट गोळा होतो, हे आम्ही तीनदा सुरी घालून शिकलो. दूध-लोण्याला आम्ही काही कमी पडू दिलं नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून देतात, त्या दुधाची साय बघितली की कुणालाही लोणी काढावंसं वाटतं. साखरेऐवजी गूळ घातलेला केकही जमला. गूळ ओल धरून ठेवतो, त्यामुळं तो केक दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो.

आता खरं बोलते. ह्यांचा ब्रेड पहिल्यांदा नीट झाला, त्या दिवशी मला आनंद झाला नाही. मी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं. वीस वर्षं मी त्या ओट्याशी उभी आहे आणि तिथं येऊन ह्यांनी सहा महिन्यांत असं काही केलं जे मला येत नव्हतं, हे मला सोसलं नाही.

नंतर विचार केला, हे बाकीचं काही शिकले नाहीत आणि ब्रेडच कसा शिकले? लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, आमटीला मीठ किती घालायचं? मी म्हणाले, अंदाजानं. डाळ किती? अंदाजानं. शिजली कधी समजायची? बघितल्यावर कळतं. बिचारे बाहेर जाऊन पेपर वाचत बसले ते बसलेच. अंदाज हा आमचा दागिना आहे. सासूबाईंनी मला सांगितला नाही, मी वर्षभर त्यांच्या मागं उभी राहून उचलला. आणि मीही कुणाला सांगत नाही. पुरुष स्वयंपाकघरात येत नाहीत अशी तक्रार आपण करतो, ती खरीच आहे, पण उंबऱ्यावर 'अंदाजानं' नावाचं कुलूप आपणही लावलेलं असतं. ब्रेडला ते कुलूप नव्हतं. तिथं ग्रॅम होते. ग्रॅम कुणाच्या आईचे नसतात.

यावर कुणी म्हणेल, मग पुरुषांना माफ केलंस का? अजिबात नाही. ज्याला यायचं असतं तो कुलूप तोडून येतो. मी सांगतेय ते एवढंच की ह्यांचं येणं सोपं होतं. कारण ब्रेड मुळात आपल्याकडं बाईचं काम नव्हतंच. सासूबाई मंगळवार पेठेत वाढलेल्या. त्यांच्या लहानपणी मे महिन्यात घरनं मैदा, पिठीसाखर, तूप पत्र्याच्या डब्यात घालून बेकरीत द्यायचे आणि संध्याकाळी त्याच डब्यातनं नानकटाई आणायचे. रांगेत बायका आणि पोरं. भट्टीपाशी सगळे पुरुष. म्हणून ओव्हनसमोर उभा असलेला मुलगा सासूबाईंना खटकला नाही. उलट कौतुकानं बघायच्या, "आमच्या वेळचा भट्टीवाला दिसतोस." त्याच मुलानं परात घेऊन भाकरी थापायला घेतली असती तर? तेही झालं, सांगते पुढं.

कॅमेऱ्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी. कॅमेरा ह्यांचा. एका लग्नात फोटो काढणाऱ्या ओळखीच्या मुलानं नवा घेतला, त्याचा जुना ह्यांनी स्वस्तात उचलला, बरोबर पन्नास एमएमची लेन्स. दोन महिने रंकाळ्यावर सूर्यास्त काढले. रंकाळ्याचा सूर्यास्त कुणालाही जमतो, त्यात रंकाळ्याचंच काम असतं. मग कॅमेरा पिशवीत गेला. वहीत ब्रेडचे फोटो लावायचे म्हणून एकदा बाहेर काढला, तर ह्यांनी फ्लॅश मारून ब्रेड असा काढला की पंचनाम्याचा फोटो वाटावा. मी म्हटलं, द्या इकडं.

माझ्या माहेरी आणि सासरी मिळून पन्नास-साठ वर्षांचे अल्बम आहेत. त्यात बायका आहेत, पण कॅमेऱ्यामागं एकही नाही. कॅमेऱ्याची पिशवी कायम कुठल्यातरी काकांच्या खांद्याला. ज्या गावात १९१८ साली बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला, जिथं खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या गावात माझ्या गळ्यात कॅमेरा दिसला की लोक विचारतात, "साहेबांचा काय?" होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. मानेकशॉ व्यारावाला यांच्याकडून त्या कॅमेरा शिकल्या, पुढं त्यांच्याशीच लग्न केलं, आणि सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते मानेकशॉंच्या नावावर. भिशीतल्या मैत्रिणीवर मी रागावले नाही ते यामुळंच. ती फार जुनं वाक्य बोलत होती.

मला कुणी शिकवलं नाही, मला पांढऱ्या रश्शानं शिकवलं. एकदा तांबडा-पांढरा एकत्र काढायला घेतला. डोळ्याला पांढरा शुभ्र दिसतोय आणि फोटोत राखेचं पाणी. चार वेळा काढला, चारही वेळा तसाच. मग वाचलं, तेव्हा कळलं की कॅमेऱ्यातलं मीटर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरं समोर आलं की त्याला वाटतं फार उजेड झाला, म्हणून ते फोटो काळवंडून टाकतं. तिथं आपण त्याला दटावून एक घर उजेड वाढवायचा. मिक्सरवर चटणी वाटता येते पण फोटोतला उजेड वाढवायला भीती वाटते, असं का असावं? बटण तर बटणच असतं. तांबड्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या तवंगावर खिडकी चमकते आणि तेवढा भाग पांढरा फटक होतो. तो एकदा गेला की गेला, नंतर कितीही काळा करा, परत येत नाही. वाटी जरा फिरवायची, नाहीतर आपण फिरायचं. आणि ट्यूबलाइट आधी बंद करायची, नाहीतर वाटीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या.

उजेड एकाच बाजूनं यावा, हे तर कोल्हापुरात सांगायलाच नको. आमच्याकडं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. मधे ढग आला की त्या दिवशी हुकलं. हे बघत मोठी झालेली बाई मी, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन नोव्हेंबरात ओट्यावर कुठवर येतं आणि मे महिन्यात कुठं थांबतं हे मला कॅमेरा येईपर्यंत माहीत नव्हतं. आता ब्रेड किती वाजता ओव्हनमधनं निघायला पाहिजे ते त्या उन्हावर ठरतं. ह्यांना ते पटत नाही. "ब्रेड खायला केलाय का काढायला?" आमची सगळ्यात मोठी भांडणं यावरनं झालीत. एकदा मी निवलेला ब्रेड उन्हाची वाट बघत दीड तास कापू दिला नाही, तेव्हा हे ताट आपटून खाली गेले आणि बाहेरनं मिसळ खाऊन आले. कापसाच्या ब्रेडबरोबर!

'ऑर्डर घेता का' हे विचारणाऱ्यांना एकच उत्तर, नाही. महिन्यातले चार रविवार आहेत, ते राहू द्या.

तर भाग्यवान. आठवड्यातनं एक ब्रेड हे करतात. बाकीच्या दिवसांच्या भाकऱ्या मी करते, आणि त्यांचा फोटो मीसुद्धा कधी काढला नव्हता. हे मला भिशीवरनं येताना सुचलं आणि जिना चढता चढता राग आला, निम्मा ह्यांचा, निम्मा माझा. घरात आल्यावर ह्यांना म्हटलं, भाकरी शिका. हे तयार! वही आणली, काटा आणला. सासूबाई टीव्ही सोडून उठून आल्या. "अगं, त्याला कशाला परातीला बसवतीस? लोक काय म्हणतील?" ब्रेडच्या वेळी लोक काही म्हणत नव्हते.

भाकरी अर्थात तुटली. मैद्यात चिकटपणा असतो, तो ताणला जातो. शाळूत तो नाही, तिथं आधणाचं पाणी पिठाला बांधतं. आणि पीठ जुनं असलं तर विरी गेलेली असते, मग देव आला तरी थापता येत नाही. हे सगळं मी सांगत होते आणि हे लिहून घेत होते. वहीत ओळ आखली: शाळूचं पीठ १००, आधणाचं पाणी... आणि माझ्याकडं बघितलं.

मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत कधी तोललेलंच नाही.

सोमवारी सकाळी मी पातेलं काट्यावर ठेवून माझ्या अंदाजानं पाणी घातलं, ८२ आलं. मंगळवारी ८८. आज नवीन दळण आणलं, तर ७९ मधेच गोळा झाला. ह्यांनी तिन्ही आकडे रकान्यात लिहिले आणि बराच वेळ वहीकडं बघत बसले. ऑडिटमध्ये असं खातं पास होत नाही म्हणाले. सासूबाई आतून ओरडल्या, तव्यावरची करपतीय बघा.